‘असमरप्रयोग्य’ वृष : कौटिल्याच्या अश्वाध्यक्ष-प्रकरणांतील एका वाक्याचा फेरविचार

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत, गोध्यक्षाच्या अध्यायास लागूनच, तिसावा अध्याय अश्वाध्यक्षाचा आहे. त्या अध्यायांत जीं दोन लहान वाक्यें एकापाठोपाठ आलीं आहेत, त्यांचा अर्थ लावण्यांत एक घोटाळा बरींच वर्षें चालत आला; आणि त्या घोटाळ्यास प्रस्तुत लेखकानेंहि आपल्या परीनें हातभार लावलेला आहे. तो दुरुस्त करणें हा या लेखाचा हेतु. विषय वळू घोड्यांचा, म्हणजे पैदाशीसाठीं राखलेल्या नरांचा, असल्यामुळें कांहीं वाचकांस तो या पानांत परका वाटेल. परंतु ज्यांच्या संग्रहीं शालिहोत्राच्या पोथ्या, पागेचे हिशेब किंवा शिलेदारी घराण्यांचीं दप्तरें आहेत, त्यांस तो परका वाटण्याचें कारण नाहीं.

पहिल्या वाक्याचा आशय असा : युद्ध, व्याधि व वार्धक्य यांमुळें ज्या घोड्यांची काम करण्याची शक्ति संपली असेल, त्यांस निर्वाहापुरतें अन्न मिळावें. अशा घोड्यांस तेथें ‘पिण्डगोचरिक’ ही संज्ञा दिली आहे. दुसऱ्या वाक्याचा आशय असा : जे वृष ‘असमरप्रयोग्य’, म्हणजे लढाईंत उपयोगांत आणण्याजोगे नाहींत, ते पौरजानपदांसाठीं, म्हणजे नगरांतील व खेड्यापाड्यांतील लोकांसाठीं, त्यांच्या वडवांस लावावे. वृष शब्दाचा प्रसिद्ध अर्थ बैल असला तरी येथें वडवांच्या सान्निध्यानें तो वळू घोड्याचा वाचक आहे, याविषयीं कोणाचा वाद नाहीं.

म्हैसूरच्या रा. शामशास्त्र्यांनीं या ग्रंथाची संहिता १९०९ सालीं प्रसिद्ध केली व १९१५ सालीं संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापलें. त्यांचे उपकार केवढे आहेत हें सांगावयास नकोच. त्यांच्या हातीं तें ताडपत्र आलें नसतें तर आज आपण या अध्यायाची चर्चाहि करीत नसतों. परंतु वरील स्थळीं त्यांनीं दोन्हीं वाक्यें एकांत ओवलीं. त्यांच्या भाषांतराप्रमाणें जे घोडे युद्धानें, रोगानें किंवा म्हातारपणानें निकामी झाले आणि आतां केवळ खाण्यापुरते उरले, तेच लोकांच्या हितार्थ माद्यांवर सोडावयाचे. पुढें प्रा. र. पं. कंगले यांनीं मुंबई विद्यापीठाच्या वतीनें १९६० सालीं संहितेची चिकित्सक आवृत्ति व १९६३ सालीं भाषांतर प्रसिद्ध केलें, त्यांत हीं दोन वाक्यें निरनिराळीं ठेविलीं आहेत. ती दुरुस्ति मोठा गाजावाजा न करतां झाली. आणि त्यामुळेंच कीं काय, व्याख्यानांतून व फुटकळ लेखांतून अद्यापि शामशास्त्र्यांचाच अर्थ फिरत असतो.

मीं स्वतः तोच अर्थ फिरविला. सेवानिवृत्तीनंतर पाटोद्यास एका व्याख्यानांत दख्खनी घोड्याच्या ऱ्हासाची मीमांसा करतांना मीं ठासून सांगितलें होतें कीं, राजानें उत्तम नर आपल्या पागेंत अडकवून ठेवावे व रयतेच्या वाट्यास लंगडे, रोगी, दांत पडलेले नर यावे, ही रीत आपल्याकडे कौटिल्यापासूनची आहे. मग खेड्यांतील घोडें टट्टू होऊन बसलें यांत नवल तें काय! टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर एक वृद्ध धनगर गृहस्थ जवळ आले. त्यांचा वाडा त्या सुमारास पाटोद्याच्या बाहेर उतरला होता. त्यांनीं अर्थशास्त्राचें नांवहि ऐकलें नव्हतें, पण प्रश्न मात्र विचारला तो असा कीं, ज्या घोड्याला चंदी बंद करून पोटापुरतें टाकतात, त्याच्याकडे आपली घोडी घेऊन जाईल कोण? वळवाला तर इतरांहून अधिक खाऊं घालावें लागतें. या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं येऊन अध्याय पुन्हां पहिल्यापासून वाचला, तेव्हां उत्तर त्याच अध्यायांत, दहा-बारा ओळी अलीकडे, पडलेलें दिसलें. मीं तें पूर्वी वाचलें नव्हतें असें नाहीं. वाचलें होतें आणि पुढें गेलों होतों.

प्रथम व्याकरण पाहूं. पहिल्या वाक्याला स्वतःचें क्रियापद आहे, ‘स्युः’. दुसऱ्याला स्वतःचें विधेय आहे, ‘आयोज्याः’. दोहोंचें एक वाक्य करावयाचें तर मधलें ‘स्युः’ घशांत अडकतें. तें गिळल्याशिवाय शामशास्त्र्यांचा अन्वय जुळत नाहीं. शिवाय पहिलें वाक्य सामान्य आहे. त्यांत नर, मादी असा भेद नाहीं. क्षीण झालेली वडवाहि त्यांतच येणार. दुसरें वाक्य केवळ वृषांपुरतें आहे. एकाचा कर्ता दुसऱ्यांत ओढून आणावयास आधार नाहीं.

याहून बळकट पुरावा पुढच्या वाक्यांत आहे. लागलीच ग्रंथकार म्हणतो कीं, ‘प्रयोग्य’ घोड्यांपैकीं काम्बोज, सिंधु, आरट्ट व वनायु या देशांतले उत्तम, बाह्लीक, पापेय, सौवीर व तैतल येथले मध्यम, बाकीचे कनिष्ठ. ‘असमरप्रयोग्य’ म्हटल्याबरोबर ‘प्रयोग्यानाम्’ हें पद यावें हा योगायोग नव्हे. ग्रंथकाराच्या मनांत तीन वर्ग आहेत : क्षीण, लढाईस अयोग्य, आणि योग्य. क्षीण वर्ग काळानें व आघातानें बनतो. दुसरे दोन वर्ग घोड्याच्या मूळच्या गुणांवर बनतात. क्षीण व अयोग्य यांची सरमिसळ केली कीं तीन वर्गांचे दोन होतात, आणि ‘प्रयोग्यानाम्’ या पदाचा संदर्भ हरवतो.

आतां तो धनगराचा प्रश्न. अध्यायाच्या पूर्वार्धांत घोड्यांच्या शिध्याचें कोष्टक आहे. उत्तम, मध्यम व कनिष्ठ अशा प्रतीनुसार धान्य, तूप किंवा तेल, मीठ, मांसरस वगैरेंचें प्रमाण पायरीपायरीनें कमी होत जातें. हें सांगून झाल्यावर एक अपवाद दिला आहे : रथाचा घोडा आणि वृष हे मध्यम प्रतीचे असले तरी त्यांस उत्तमाचा शिधा द्यावा, व कनिष्ठ प्रतीचे असले तर मध्यमाचा. वडवांस व खेंचरांस पाव हिस्सा कमी, शिंगरांस त्याच्याहि निम्मा. म्हणजे वृष हा आपल्या प्रतीपेक्षां एक पायरी वरचें अन्न खातो. ज्या ग्रंथांत हा नियम आहे त्याच ग्रंथांत वृष म्हणजे ‘पिण्डगोचरिक’ मोडका घोडा, असें म्हणणें कसें संभवेल? ज्यानें कोष्टक रचलें तो पागेंत उभा राहून रचीत होता. नराची शक्ति पैदाशीच्या दिवसांत किती खर्ची पडते, हें त्यास पुस्तकावांचून ठाऊक होतें.

तबेल्याच्या रचनेंतहि वृषाची स्वतंत्र सोय आहे. तबेला घोड्यांच्या संख्येच्या मानानें बांधावा, प्रत्येक घोड्याचें ठाण घोड्याच्या लांबीइतकें चौरस असावें, असें सांगून झाल्यावर वडवा, वृष व किशोर यांचीं ठाणीं ‘एकान्तीं’ असावीं असें म्हटलें आहे. या एका पदांत नराच्या स्वभावाचें जेवढें ज्ञान सांठविलें आहे तेवढें पुढील कित्येक पोथ्यांच्या पानांत मिळत नाहीं. घोडी सुमारें एकवीस दिवसांच्या अंतरानें माजावर येते व पांच-सात दिवस त्या अवस्थेंत राहते. वारा तिच्याकडून वळवाकडे वाहत असला कीं तो मान उंचावून वरचा ओठ दुमडतो, खिंकाळतो, खूर आपटतो आणि त्या दिवशीं मोतद्दाराचें ऐकत नाहीं. माजावर नसलेल्या घोडीजवळ तो गेला तर ती लाथ घालते, आणि एका लाथेनें वळू कायमचा नासूं शकतो. शिंगरूं मध्यें सांपडलें तर त्याचा जीवहि जातो. म्हणून तिघांची ठाणीं वेगळीं. हा धर्मशास्त्राचा निर्बंध नव्हे. हा अनुभव आहे.

गोध्यक्षाच्या अध्यायाचा शेवटचा श्लोक या चर्चेंत कोणीच ओढीत नाहीं, तोहि येथें जोडला पाहिजे. गाढवांच्या व घोड्यांच्या शंभरांच्या कळपांत पांच नर असावे, शेळ्यामेंढ्यांत दहा, गाई, म्हशी व उंट यांत चार, असें प्रमाण तेथें दिलें आहे. वीस जनावरांमागें एक घोडा. त्यांतून शिंगरें वजा घातलीं तर पंधरा माद्या धराव्या. घोडीचा गर्भकाल अकरा महिन्यांचा. पंधरांपैकीं दरसाल निम्म्याच व्याल्या असें मानलें तरी एक नर दहा वर्षांत सत्तर-पंचाहत्तर शिंगरांचा बाप होतो. घोडीच्या पोटीं त्याच अवधींत फार तर आठ-नऊ शिंगरें होतात. नराचा एक दोष कळपांत किती पसरतो याचा हिशेब इतका उघड आहे. अलीकडे, २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत नराकडून नराकडे उतरणाऱ्या गुणसूत्राचा तपास करून असें दाखविण्यांत आलें कीं, यूरोपांत वाढलेल्या बहुतेक आधुनिक जातींची पितृपरंपरा गेल्या कांहीं शतकांत तिकडे नेलेल्या थोड्याशा पौर्वात्य घोड्यांपर्यंत जाऊन थांबते. मातृपरंपरा मात्र नाना प्रकारच्या आहेत. वळवाची निवड ही जातीची निवड होय, हें कळण्यास त्या श्लोकाच्या कर्त्यास सूक्ष्मदर्शकाची गरज पडली नाहीं.

येथवर वाक्यांचा विभाग सिद्ध झाला असें मी समजतों. पुढचा प्रश्न अवघड आहे : ‘असमरप्रयोग्य’ म्हणजे कशानें अयोग्य?

उंचीनें अयोग्य, हें एक उत्तर. उत्तम घोड्याचें मुख बत्तीस अंगुळें, लांबी मुखाच्या पांचपट, उंची जंघेच्या चौपट असें माप अध्यायांत आहेच. त्यांत न बसणारा नर लढाईस नको म्हणतां येईल. परंतु मध्यम व अवर घोड्यांचीहि मापें दिलेलीं आहेत आणि त्यांनाहि काम आहे. अशुभ चिन्हांनीं अयोग्य, हें दुसरें उत्तर. परंतु अशुभ, व्यंग व रोगी घोड्यांची वर्दी अध्यक्षानें द्यावी एवढेंच अध्यायाच्या आरंभीं सांगितलें आहे, आणि असे नर बुद्ध्या लोकांच्या माद्यांस लावावे असें कोणी म्हणणार नाहीं. माझें मत तिसऱ्या उत्तराकडे झुकतें. देशांची प्रतवारी संपतांच ग्रंथकार सांगतो कीं, घोडे ‘तीक्ष्ण’, ‘भद्र’ किंवा ‘मन्द’ असतील त्यास अनुसरून त्यांस ‘सान्नाह्य’ म्हणजे लढाईचें, किंवा ‘औपवाह्य’ म्हणजे स्वारीचें काम द्यावें. कामाची वांटणी शेवटीं होते ती देशावर नव्हे, रंगावर नव्हे, भोंवऱ्यावर तर नव्हेच, ती स्वभावावर. समरास योग्य-अयोग्य ठरविण्याची ही कसोटी ज्या ग्रंथकारानें तीन वाक्यांनंतर स्वतः सांगितली, तीच ‘असमरप्रयोग्य’ या पदाच्या मुळाशीं असावी असें समजणें मला सरळ वाटतें.

‘भद्र’ व ‘मन्द’ हे शब्द गजशास्त्रांतहि आहेत. तेथें ते हत्तीच्या जातींचीं नांवें आहेत व त्यांच्या जोडीस ‘मृग’ येतो. घोड्यांच्या प्रकरणीं ‘मृग’ जाऊन ‘तीक्ष्ण’ आला. हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे. ‘तीक्ष्ण’ म्हणजे दुष्ट नव्हे. सूचना मिळतांच उसळणारा, गोंगाटांत चेतणारा, तो तीक्ष्ण. वळवाच्या ठिकाणीं हा गुण दुधारी असतो. लढाईच्या रांगेंत शेजारच्या घोड्यावर धांवून जाणारा, वडवेचा गंध येतांच स्वार विसरणारा नर कितीहि पाणीदार असला तरी समरास निरुपयोगी. आणि तोच नर मोकळ्या रानांत, एका समजूतदार मोतद्दाराच्या हातीं, उत्तम पैदास देऊं शकतो. उलट अतिशय शांत व मंद नर लढाईस नको, पण शेतकऱ्याच्या ओझ्याच्या घोडीस तोच बरा. ‘असमरप्रयोग्य’ हें पद या दोहोंनाहि लागूं पडतें. त्यांत हीनत्व नाहीं, नियोजन आहे.

इतर देशांनीं हाच पेंच निराळ्या तऱ्हेनें सोडविला. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकारानें लिहून ठेविलें आहे कीं, सिथियन व सार्मेशियन लोक आपले घोडे खच्ची करतात, कारण ते लहान असले तरी फार उग्र असतात. अरबस्तानांतील बदाऊन लोकांनीं छाप्यासाठीं घोड्याऐवजीं घोडीच पसंत केली. अश्वाध्यक्षाच्या अध्यायांत यांपैकीं एकहि तोडगा नाहीं. नर नरच ठेवून त्यास काम बदलून द्यावयाचें, ही त्याची रीत.

स्वभाव आणि पैदास या दोन विद्या आपल्या वाङ्मयांत कशा दुरावल्या याचें एक उदाहरण विराटपर्वांत आहे. अज्ञातवासांत नकुल विराटाकडे अश्वरक्षक म्हणून गेला, तेव्हां त्यानें आपली योग्यता सांगितली ती अशी कीं, घोड्यांची प्रकृति, त्यांचें शिक्षण, दुष्ट घोड्यांवरील उपाय आणि चिकित्सा हें सर्व मी जाणतों. माझ्या हाताखालीं वडवाहि दुष्ट राहत नाहीं, मग घोड्यांचें काय घेऊन बसलांत! (घोडीला घोड्यापेक्षां अधिक खट्याळ मानण्याचा हा संकेत वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पागेच्या जुन्या माणसांचें मत त्याहून फारसें वेगळें नसे.) त्याच पर्वांत सहदेव गोरक्षक म्हणून येतो व सांगतो कीं, ज्यांच्या मूत्राच्या नुसत्या गंधानें वांझहि प्रसवते असे वृषभ मी ओळखतों. म्हणजे पैदाशीच्या नराची पारख गवळ्याच्या तोंडीं, आणि स्वभावाची पारख अश्वपालाच्या तोंडीं. बैलाचा स्वभाव कोणी पाहिला नाहीं, घोड्याचें बीज कोणी पाहिलें नाहीं. डॉ. रघुवीर यांनीं संपादिलेलें विराटपर्व भांडारकर संस्थेनें १९३६ सालीं छापलें. त्यांतील हीं दोन्हीं स्थळें शेजारीं ठेवून पाहिलीं तर कौटिल्यानें एका अध्यायांत काय साधलें तें कळतें.

पुढील अश्वशास्त्रांनीं तें टिकविलें नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील अश्वलक्षण अगदीं थोड्या श्लोकांचें आहे व त्यांत भर आहे तो अवयवांवर, भोंवऱ्यांवर आणि दांतांवर. जयदत्ताचें अश्ववैद्यक व नकुलाच्या नांवावर चालणारें अश्वचिकित्सित हे ग्रंथ उमेशचंद्र गुप्त यांनीं कलकत्त्यास १८८६-८७ च्या सुमारास छापले. वैद्यकाच्या दृष्टीनें ते अमोल आहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास हा तर आपल्या प्रांताच्या शेजारचाच ग्रंथ. त्याच्या वाजिवाह्यालीविनोदांत घोड्यांचे देश, लक्षणें, फिरविण्याच्या रीती व चेंडूचा खेळ यांचें वर्णन राजास शोभेल अशा थाटाचें आहे. पण तो मैदानावर बसलेल्या राजाचा ग्रंथ आहे, पागेंतल्या अध्यक्षाचा नव्हे. तंजावरच्या सरस्वती महालानें नकुलाचें सचित्र अश्वशास्त्र १९५२ सालीं प्रसिद्ध केलें. या परंपरेंत घोड्यांचे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, शूद्र असे वर्ण पाडून त्यांत स्वभाव कोंबण्याचा प्रयत्न आहे. मला तो प्रयत्न कधींच पटला नाहीं. तीक्ष्ण, भद्र, मन्द हे भेद घोड्याला पाहून केलेले आहेत. चार वर्णांचे भेद आधींच हातीं होते, घोडा त्यांत बसविला.

आमच्या संग्राहक मित्रांचाहि येथें थोडा दोष आहे, तो बोलून दाखवितों. शालिहोत्राची पोथी हातीं आली कीं प्रथम चित्रें पाहिलीं जातात : देवमण कोठें, पंचकल्याण कसा, कोणता भोंवरा धन्यास घातक. माझ्या पाहण्यांत एक पोथी अशी आली कीं जिच्यांतलीं चितारलेलीं पानें एकेक करून विकलीं गेलीं होतीं आणि चंदी, खुराक व शिंगरांची निगा यांचीं कोरीं दिसणारीं पानें फडक्यांत बांधून परत आलीं होतीं. घरमालकास वाटलें, मौल्यवान तें गेलें. गेलेलीं पानें पन्नास पोथ्यांत मिळतील. उरलेलीं मिळतीलच असें नाहीं. साळोत्री हा शब्दच शालिहोत्रापासून आला आहे, आणि साळोत्र्याला भोंवऱ्याशीं कर्तव्य नव्हतें; त्याला घोडी फळली कीं नाहीं हें सांगावें लागे.

बीड प्रांतांत घोडा म्हटला कीं लढाई आठवते. १० ऑगस्ट १७६३ रोजीं गोदेच्या कांठीं राक्षसभुवनास थोरल्या माधवरावांनीं निजामाच्या फौजेचा पराभव केला, आणि विठ्ठल सुंदर तेथें पडला. १७९५ च्या मार्चांत खर्ड्याची लढाई झाली, तें रणहि आमच्या सीमेलगतचेंच. या लढायांचीं पत्रें आम्हीं जपलीं व छापलीं. पण त्या फौजांतला शिलेदार स्वतःच्या घोड्यानिशीं येत असे. तो घोडा सरकारी पागेंत जन्मलेला नसे. कोणत्या तरी खेड्यांतल्या घोडीच्या पोटीं, कोणत्या तरी वळवापासून झालेला असे. भीमेच्या थडीचा घोडा भीमथडी म्हणून नांवाजला तो या घरगुती पैदाशीवर. आष्टी तालुक्याच्या कडेनें वाहणारी सीना पुढें भीमेसच मिळते, म्हणून तें बीज आमच्याकडेहि परकें नाहीं.

येथें कौटिल्याच्या अध्यायाचा आरंभ पुन्हां पाहावा. अध्यक्षानें घोड्यांची नोंद ठेवतांना ते कसे आले हें लिहावयाचें : विक्रीसाठीं आलेले, विकत घेतलेले, युद्धांत मिळालेले, तेथेंच जन्मलेले, मदतीदाखल आलेले वगैरे. त्यांत ‘क्रयोपागत’ हा वर्ग आहे. राजा घोडे विकत घेतो. कोणाकडून? दूरदेशच्या व्यापाऱ्यांकडून हें खरेंच. पण पौरजानपदांच्या वडवांस राजाचे वृष लाविल्यावर जीं शिंगरें वाढलीं, त्यांतील चांगलीं पुन्हां त्याच नोंदवहींत ‘क्रयोपागत’ म्हणून चढत नसतील काय? हें अनुमान आहे, ग्रंथाचें वचन नव्हे. पण तें मान्य केल्यास दुसऱ्या वाक्यांतील औदार्याच्या मागें राज्याचें गणितहि दिसूं लागतें. इंग्रजांनीं आमच्या प्रांतांत हेंच केलें. कंपनी सरकारनें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत शिरूरजवळ आलेगावास घोड्यांच्या पैदाशीचा कारखाना चालविला. त्या गांवाचें नांव अद्याप आलेगाव पागा असेंच आहे. पुढें मुंबई इलाख्यांत अरबी व इंग्रजी जातींचे सरकारी वळू ठिकठिकाणीं ठेवून खेड्यांतल्या घोड्यांस लावण्याची व्यवस्था होती, आणि फौजेस लागणारे घोडे त्यांतून मिळावे हा हेतु उघड होता. फरक एवढाच कीं, कौटिल्यानें आपल्या पागेंत राहिलेला नर दिला, इंग्रजांनीं बाहेरून आणलेला. आणि बाहेरच्या नरानें उंची वाढली तरी डोंगरांत, दुष्काळांत टिकणारें काटक घोडें दुर्मिळ झालें, ही तक्रार जुन्या माणसांकडून मीं लहानपणीं ऐकली आहे.

भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें २०२३ च्या अखेरीस नोंद केली. ही आनंदाची गोष्ट आहे, व ती जात ज्यांनीं राखली त्या धनगरांचा तो सन्मानहि आहे. त्यांच्या वाड्यांत घोडीच अधिक असते. तिच्या पाठीवर संसार असतो. ज्या वृद्ध गृहस्थांनीं मला निरुत्तर केलें त्यांच्याकडे मीं नंतर दोनदां गेलों. वळू कसा निवडतां, असें विचारतां त्यांनीं भोंवऱ्याचें नांव शेवटीं घेतलें. आधीं त्याची आई कशी होती तें. मग तो कोंकरांत पाय सांभाळून टाकतो कीं नाहीं तें. मग घोडी नाकारते तेव्हां तो मागें सरतो कीं चावतो तें. चावणारा ते ठेवीत नाहींत. मालेगावच्या खंडोबाच्या जत्रेंत तो विकला जातो, आणि तेथें देवमण पाहून घेणारे गिऱ्हाईक त्यास मिळतें, हें सांगतांना ते हंसले. भद्र शब्दाची याहून चांगली टीका मीं कोठें वाचली नाहीं.

आतां राहिलें एक पद. लोकांसाठीं वृष द्यावे या अर्थीं मूळांत ‘अर्थेन’ असें पद आहे. सर्वांनीं तें ‘हितासाठीं’ असें घेतलें आहे, मीहि वर तसेंच घेतलें. परंतु ‘अर्थ’ म्हणजे द्रव्यहि. पौरजानपदांच्या द्रव्यानें, म्हणजे त्यांजकडून कांहीं मोबदला घेऊन, वृष लावावे, असाहि अर्थ व्याकरणास विरोध न करतां निघतो. ‘अर्थेन’ हें तृतीयान्त ‘-साठीं’ या अर्थीं संस्कृतांत रूढ आहे, म्हणून रूढ अर्थाकडेच माझा कल आहे. शिवाय अध्यायांत अशा शुल्काचा दर सांगितलेला नाहीं, आणि दर सांगण्यांत कौटिल्य कधीं कंजूषपणा करीत नाहीं. तरी दुसऱ्या पक्षाला वाट मोकळी ठेवली पाहिजे. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांची श्रीमूला टीका (१९२४-२५) ज्यांच्यापाशीं आहे त्यांनीं हें स्थळ तिच्याशीं ताडून पाहावें. आणि ज्यांच्यापाशीं टीका नाहीं पण शिलेदारी घराण्याचे खर्चाचे कागद आहेत, त्यांनीं चंदी, वैरण, नालबंदी यांच्या रकमांच्या मधोमध घोडी भरविल्याबद्दल कोणास काय दिलें, धान्य कीं रोकड, कीं पहिल्या शिंगरांत वांटा, अशी एखादी ओळ सांपडते का तें पाहावें. सांपडल्यास ती ओळ, तिची तारीख आणि गांवाचें नांव एवढें जरी या त्रैमासिकाकडे धाडलें तरी पुरे. मजकुराची नक्कल मी स्वतः येऊन करून घेईन.